मावळात घर करू पाहणारांस

पूर्वी चार पैसे गाठीस लागले म्हणजे पुण्यामुंबईचा गृहस्थ सोने घेई, पेठेत गाळा घेई, फार तर सहकुटुंब काशीयात्रा करून येई. हल्ली तो लोणावळ्याकडे जमीन पाहावयास जातो. सुट्टीच्या दिवशी कामशेत किंवा पवनानगरच्या बाजूस गेल्यास मोटारीतून उतरून दलालाच्या मागे भाताच्या बांधावरून तोल सावरीत चाललेली कुटुंबे दृष्टीस पडतात. दलाल हाताने डोंगर दाखवितो, धरणाचे पाणी दाखवितो, आणि पायाखालची जमीन मात्र दाखविण्याचे त्याच्या ध्यानात राहत नाही. या मंडळींपैकी बहुतेकांस सुट्टीपुरता एक बंगला पाहिजे असतो. परंतु त्यांत काही थोडे लोक असेही असतात, की ज्यांस शहराचा खरोखर वीट आला आहे, ज्यांच्याजवळ आयुष्यभर राखलेले भांडवल आहे, आणि मावळात जाऊन कायम राहावे, चार एकर कसून खावे, असे ज्यांच्या मनात घोळत आहे. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचे वाचक बहुधा हिशेबी लोक आहेत. कापडाचे ठाण घेताना ते पोत पाहतात, धान्याचे पोते घेताना बंबी मारतात. मग जन्माची पुंजी जेथे घालावयाची त्या तालुक्याची पारख त्यांनी दलालाच्या जिभेवर का सोडावी, हे आम्हांस समजत नाही.

मावळ म्हणून जे एका शब्दात म्हणतात तो काही एकच प्रदेश नव्हे. आजच्या तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशी तीन खोरी मोडतात, आणि या प्रत्येक खोऱ्याचे पश्चिमेचे टोक व पूर्वेचे टोक ही जणू दोन निराळ्या मुलखांतली आहेत. याचे कारण पाऊस. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तेथून रेल्वेने पाऊण तासाच्या आत वडगाव येते, आणि तेथे तो हजार-बाराशेवर येऊन ठेपतो. अवघ्या पंचवीसेक किलोमीटरांत पावसाचे मान तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर यावे, असा मुलूख जगात फार थोडा असेल. तेव्हा 'मावळात जमीन घेतली' या वाक्यास स्वतःचा असा काही अर्थ नाही. घाटमाथ्यापासून किती कोस, हे आधी सांगितले पाहिजे.

घाटमाथ्यालगतच्या पट्ट्यात जमीन तांबडी, उतरती व पाण्याने धुपलेली असते. तेथे वरकस जमिनीवर नाचणी, वरई, कारळे ही पिके, आणि जेथे बांध घालून माती अडविता आली तेथे भाताची खाचरे. हा पट्टा दिसण्यास सर्वांत रम्य, आणि म्हणूनच शहरच्या मनुष्यास प्रथम भुरळ घालणारा. पण त्याने तो पाहिलेला असतो मार्गशीर्षात, किंवा फार तर श्रावणातल्या एखाद्या रविवारी. सलग आषाढ तेथे काढणे ही निराळी गोष्ट आहे. आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींस बुरशी चढते, कागदपत्रे दमट होऊन एकमेकांस चिकटतात, वीज जाते ती केव्हा येईल याचा नेम नाही, आणि ओढा चढला म्हणजे वाटेवरची फरशी बुडून पलीकडच्या वाडीचा गावाशी संबंध तुटतो. तेथला कुणबी, ठाकर, महादेव कोळी हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या सोशीत आला आहे, कारण त्याचे घर, त्याचे गुरू-वासरू, त्याची वर्षाची बेगमी सर्व त्या पावसाच्या मानाने बेतलेली असते. आमच्या गृहस्थाचा बंगला चकचकीत चित्रांवरून बेतलेला असतो.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की जेथे दीडशे इंच पाऊस पडतो त्याच गावात चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन झऱ्याशी पाळी धरून बसलेल्या आढळतात. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी पोटात धरून ठेवीत नाही. उतारावरून पडलेले पाणी त्याच दिवशी खाली निघून जाते. विहीर खणली म्हणजे पाणी लागेलच असे नाही, आणि विंधणविहिरीस लागलेले पाणी मे महिन्यापर्यंत पुरेलच असेही नाही. म्हणून आमची सूचना अशी, की जमीन एकदा आषाढात पाहावी व एकदा वैशाखात पाहावी, आणि मधल्या काळात दलालाचा कितीही निरोप आला तरी बयाणा देऊ नये. दोनदा पाहण्याइतका ज्यास धीर नाही त्यास शेतीचा धंदा जमण्याचा संभव थोडाच.

मधला पट्टा, म्हणजे कामशेत, वडगाव व त्यांच्या आजूबाजूची गावे, हा खऱ्या भाताचा प्रदेश होय. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ व आयआर ८ या दोन वाणांच्या संकरातून 'इंद्रायणी' हा वाण काढून सन १९८७ मध्ये प्रसृत केला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. आंबेमोहराचा वास व परदेशी वाणाचे उत्पन्न यांचा हा मेळ मावळच्या खाचरांस असा काही मानवला, की आज पुण्याच्या कोणत्याही वाण्याच्या दुकानात त्या नावाचे पोते दिसते. ते सर्वच तांदूळ मावळचे असतात असे समजणे मात्र भोळेपणाचे होईल. पूर्वेकडे तळेगाव-इंदुरीच्या बाजूस पाऊस उतरतो, जमीन सपाट व भारी होते, आणि नदीकाठी ऊस, भाजीपाला व फुलांची हरितगृहे लागतात. शेतीच्या दृष्टीने हाच पट्टा सर्वांत निर्धोक. परंतु कारखाने, गोदामे व नव्या वसाहती यांनीही तोच पसंत केला असल्यामुळे तेथे शेतकऱ्याला आपल्या बांधाशेजारी काय उभे राहील याची खात्री देता येत नाही.

पाण्याविषयी आणखी थोडे लिहिणे भाग आहे, कारण मावळची सगळी कर्मकथा त्यात आहे. वळवण, शिरवता येथील धरणांचे पाणी बोगद्यांतून व नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी खोपोलीस सन १९१५ मध्ये वीज काढली. पुढे ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी सन १९२२ पासून भिवपुरीस जाऊ लागले. जे पाणी इंद्रायणीने भीमेस व भीमेने पंढरपुरास जावयाचे, ते उलटे फिरून पाताळगंगा व उल्हास यांस मिळाले. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या हे खरे, आणि त्या विजेचा फायदा कोणी नाकारीत नाही. पण ज्यांची भातखाचरे बुडाली त्यांच्या घरी दिवा शेवटी लागला. शेजारच्या मुळशीत सन १९२१ पासून तीन वर्षे सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली जो सत्याग्रह झाला तो याच कारणासाठी, आणि तो हरला तरी धरणग्रस्त हा शब्द उच्चारण्याची सोय त्याने आपल्या राजकारणात करून ठेविली. स्वराज्यात पवना धरण झाले. त्याचे पाणी आज पिंपरी-चिंचवड पिते. आणि धरणात जमिनी गेलेल्या कित्येक कुटुंबांची पुनर्वसनाची खटपट अर्धशतक उलटून गेल्यावरही चालूच राहिली. हेच पाणी नदीतून न सोडता बंद नळाने शहरास न्यावयाचे ठरले, तेव्हा नदीकाठच्या उपशावर जगणारा शेतकरी रस्त्यावर आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावानजीक द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळी चालविली व तीन शेतकरी प्राणास मुकले. ज्या रस्त्याने आमचे गृहस्थ जमीन पाहावयास जातात तोच हा रस्ता.

हे आम्ही जुनी भांडणे उकरण्यासाठी सांगत नाही. धरणाच्या काठी जमीन घेणारास दलाल 'पाणी समोरच आहे' असे सांगतो. समोर दिसणारे पाणी व आपल्या हक्काचे पाणी यांत अंतर किती, हे या तालुक्याने गेली शंभर वर्षे अनुभवले आहे. उपसा करावयाचा तर पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, आणि ती जुन्या शेतकऱ्यासही सुखासुखी मिळत नाही.

आता हिशेबाकडे वळू. मधल्या पट्ट्यातले एक एकर चांगले खाचर घ्या. पाऊस वेळेवर झाला, करपा पडला नाही, रानडुकरे शिरली नाहीत, तर इंद्रायणीचे पंधरा ते अठरा क्विंटल भात येते. गिरणीतून काढल्यावर त्याचे दहा-अकरा क्विंटल तांदूळ होतात. तांदूळ किलोस साठ रुपये दराने सगळाच्या सगळा विकला असे धरले तरी साठ-पासष्ट हजार रुपयांची ढोबळ विक्री झाली. त्यातून नांगरट-चिखलणी, बियाणे, खत, लावणी-कापणीची मजुरी, मळणी, गिरणी व पोती वजा करा. निम्मे राहिले तर नशीब समजावे. म्हणजे तीस हजार. आता तेच एकर विकत घेण्यास किती लागतात? पन्नास लाख धरू. रस्त्यालगत व पाण्यालगत याहून कितीतरी अधिक सांगतात. पन्नास लाखांवर पेढीत शेकडा सहा दराने तीन लाख व्याज येते. तेव्हा जो मनुष्य भात पिकविण्यासाठी ही जमीन विकत घेतो तो दरसाल पावणेतीन लाखांचा तोटा पत्करतो, हे कोणताही किराणा व्यापारी पाटीवर मांडून पाहू शकेल.

याचा अर्थ शेती तोट्याचीच, असा कोणी करू नये. ज्याच्या घरी जमीन वडिलोपार्जित आहे त्यास ते एकर वर्षाचा तांदूळ घालून वर थोडी विक्री देते, आणि गवत-पेंढ्यावर दुभते जनावर पोसते. अर्थ एवढाच, की मावळातल्या जमिनीचा भाव तीत काय पिकते यावर ठरत नाही. पुढचे गिऱ्हाईक काय देईल यावर ठरतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सन २००२ मध्ये पुरता खुला झाला आणि तालुक्यातले प्रत्येक गाव मुंबईपासून दोन-अडीच तासांवर आले. तेव्हापासून खाचराने खाचराची किंमत बोलणे सोडून दिले आहे. अशा बाजारात खरा शेतकरी विकणाराच राहतो, घेणारा होऊ शकत नाही. कुणब्याच्या मुलास भावाचा हिस्सा विकत घेऊन आपले दोन तुकडे जोडावे असे वाटले तरी तो शहरच्या पैशापुढे टिकत नाही.

कोणी म्हणेल, भात सोडा, फुले लावू. तळेगावच्या पुष्पोद्यानाने व पवन मावळातल्या हरितगृहांनी गुलाबाचे नाव परदेशी नेले आहे, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तेथून विमानाने माल जातो, ही गोष्ट खरी व अभिमानाची आहे. परंतु हा धंदा शेतीपेक्षा कारखान्याशी अधिक सजातीय आहे. लोखंडी सांगाडा, त्यावरचा कागद, ठिबकाचे नळ, शीतगृह, औषधे, आणि वर्षभर राबणारी शिकलेली माणसे यांत प्रथमच मोठी रक्कम अडकते. व बाजार एका तारखेवर लटकलेला. सन २०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, मंदिरे बंद झाली, विमाने जमिनीवर बसली, तेव्हा उमललेला माल खुडून उकिरड्यावर टाकण्याची पाळी याच लोकांवर आली होती. ज्यास हा धंदा करावयाचा असेल त्याने तळेगावच्या प्रशिक्षण केंद्रात आधी शिकावे, कोणाच्या तरी हरितगृहात एक वर्ष नोकरी करावी, आणि मग कर्जाचा कागद हाती घ्यावा.

कायद्याकडे लक्ष दिल्यावाचून गत्यंतर नाही. सन १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये जो शेतकरी नाही त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. याची वाट काढण्यासाठी कोठल्या तरी दूरच्या तालुक्यातला शेतकरी असल्याचा दाखला पैदा करणे, मेहुण्याच्या किंवा गुमास्त्याच्या नावे खरेदी करणे, असले प्रकार सर्रास चालतात. ते उघडकीस आल्यावर जमीन जाते व मेहुणाही जातो. दुसरा प्रकार गुंठ्यांचा. सन १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यात अलीकडे सवलती होत गेल्या असल्या, तरी एका सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे चढवून त्यास 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकणाराने घेणाराच्या गळ्यात वीस-पंचवीस भाऊबंद बांधिलेले असतात, हे त्याने विसरू नये. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, गावनकाशा हे सर्व वडगावच्या कचेरीत पाहावयास मिळते. जमीन वर्ग एकची की वर्ग दोनची, कुळकायद्याने मिळालेली की इनामी, वनखात्याचा शेरा आहे की नाही, बहिणींची हक्कसोड झाली आहे की नाही, पोटखराबा किती, याची चौकशी आपल्या वकिलाकडून करवावी. विकणाराच्या वकिलाकडून नव्हे. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचे जे मसुदे केंद्र सरकारने काढले त्यांत मावळची गावे आहेत. आपले गाव त्या यादीत आहे काय, हेही पाहावे.

परंतु आम्हांस या कायद्यात एक मोठे व्यंग दिसते, आणि त्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. ओसाड मुलूख वसविण्याची विद्या महाराष्ट्रास नवीन नाही. मराठेशाहीत पडीत जमीन लागवडीस आणणारास कौल देत, आणि पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो वर्षावर्षाने चढवीत नेत; यास इस्तावा म्हणत. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी, आणि पिढीजाद हक्काने कसणारा तो मिरासदार. अमेरिकेने सन १८६२ मध्ये असाच एक कायदा केला. त्यान्वये कोणाही कुटुंबप्रमुखास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे. पण अट अशी, की त्याने तेथे स्वतः घर बांधून राहावे, जमीन कसावी, व अशी पाच वर्षे काढल्यावरच मालकीचा कागद न्यावा. या रीतीने सुमारे सोळा लाख लोकांस सत्तावीस कोटी एकर जमीन मिळाली. ती जमीन रिकामी म्हणून वाटली गेली तरी रिकामी नव्हती. तेथल्या मूळच्या लोकांस हुसकून ती रिकामी केली होती, हा त्या कायद्यावरचा डाग पुसला जाणार नाही. शिवाय पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो व तेथे १६० एकरांत पोट भरणार नाही, असे पॉवेल नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने सन १८७८ मध्ये सरकारास लिहून दिले असता कोणी ऐकले नाही, आणि हजारो कुटुंबे कर्जात बुडून परतली. आपल्याकडे पाऊस जेथे अधिक तेथे जमीन हलकी, एवढाच फरक. पावसाचे मान न पाहता एकरे मोजण्याची चूक तीच.

असे असूनही त्या कायद्यातली एक अट घेण्यासारखी होती, ती म्हणजे राहण्याची व कसण्याची. आमचा कायदा घेणारास विचारतो, 'तुझ्या नावे कोठे सातबारा आहे काय?' तो असे विचारीत नाही, की 'तू येथे राहणार काय? नांगर कोण धरणार?' परिणाम उघड आहे. कागदोपत्री शेतकरी असलेला मनुष्य जमीन घेतो, भोवती तारेचे कुंपण घालतो, दोन आंब्याची कलमे लावतो, आणि खाचर पडीत पडते. बांध फुटला तो कोणी घालीत नाही. वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात जाण्याची जी शेकडो वर्षांची व्यवस्था ती मध्येच तुटते, आणि खालचा शेतकरी पुढल्या वर्षी आपणही विकून टाकावे असा विचार करू लागतो. ज्याने ही जमीन विकली तो बहुधा त्याच फाटकावर रखवालदार म्हणून उभा असतो. काल ज्या खाचरात त्याची गुडघाभर चिखलात लावणी चाले तेथे आज तो गवत कापण्याचे यंत्र ढकलतो व मोटार आली म्हणजे सलाम करतो. त्याला मिळालेले पैसे काय झाले, असे विचारणारे लोक आहेत. घर बांधले, मुलीचे लग्न केले, जीपगाडी घेतली, भाऊबंदकीच्या दाव्यात घातले; शहरचा व्यापारी दिवाळे काढतो तेव्हा त्याची रक्कमही अशाच वाटांनी गेलेली असते, आणि त्याला कोणी उपदेश करीत नाही.

जो प्रामाणिकपणे राहावयास जाणार आहे त्यासही आम्ही दोन शब्द सांगू. मावळात लावणीचे दिवस पंधरा-वीस. तेवढ्यात प्रत्येक घरास माणसे हवी असतात, आणि ती पैशाने मिळत नाहीत, सावडीने मिळतात. आज तुम्ही चार माणसे घेऊन माझ्या खाचरात, परवा मी माझी माणसे घेऊन तुमच्या खाचरात, असा हा व्यवहार. त्याची वही नसते, पण एक दिवसही कोणी विसरत नाही. नवा मनुष्य या सावडीत कसा शिरणार? दुप्पट मजुरी देऊन पहिल्या वर्षी त्याचे भागेल, पण त्याने गावची मजुरी बिघडविली असे होईल व दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही. तेव्हा त्याने स्वतः, आणि शक्य तर कुटुंबातल्या एकदोघांनी, शेजाऱ्याच्या खाचरात उतरले पाहिजे. पाठ मोडते, बोटांस चिखल्या होतात, लावलेली रोपे तिरपी होतात, बायका पदराआड हसतात. हसू द्यावे. उपऱ्याचा मिरासदार होण्यास दुसरा रस्ता आम्हांस तरी माहीत नाही. ज्यास हे करण्याचे वय किंवा प्रकृती राहिली नसेल त्याने जमीन विकत न घेता एखाद्या शेतकऱ्याशी वर्षाचा तांदूळ, डाळ, नाचणी आगाऊ रक्कम देऊन घेण्याचा करार करावा. त्याचा पैसा शेतीत जाईल व जमीन कसणाराकडेच राहील.

मुलाबाळांच्या शाळेची व दवाखान्याची सोय लोणावळा, वडगाव, तळेगाव येथे बरी आहे, आणि लोकल गाडीमुळे रेल्वेलगतची गावे शहराच्या हातात आहेत. आंदर मावळाच्या आतल्या टोकास किंवा पवन मावळाच्या वरच्या अंगास जाणाराने मात्र रात्री अपरात्री आजारी मनुष्यास किती वेळात रेल्वेलगतच्या गावी आणता येईल, ते पावसाळ्यात एकदा घड्याळ लावून पाहावे. तसेच डोंगराचा पायथा कापून घराची जागा सपाट करण्याचा मोह टाळावा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगर खचून दीडशेच्या वर माणसांसह गाडले गेले. तो तालुका निराळा, पण सह्याद्री व त्यावरचा पाऊस तोच आहे.

पवनेच्याच काठचे पिंपळे सौदागर हे गाव आता कित्येकांस केवळ उंच इमारतींच्या रांगा म्हणून ठाऊक असेल. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मान यांनी या गावाची शेतवार पाहणी करून सन १९१७ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी चाळीस एकरांचा असलेला खातेदार १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आला होता, आणि त्या सात एकरांचेही तुकडे तुकडे झाले होते. मान साहेबांस भीती होती ती तुकड्यांची. संबंध गावच एके दिवशी शेत या सदरातून निघून जाईल, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या हिशेबात बसण्यासारखी नव्हती. पिंपळ्यापासून नदीच्या उगमाकडे चालू लागल्यास आज ज्या गावांत मोजणीचे दगड नवीन दिसतात ती मावळचीच होत.

तरी अजून वेळ गेलेली नाही, असे आमचे मत आहे, आणि म्हणून सरकारास व मावळच्या ग्रामपंचायतींस आम्ही काही गोष्टी सुचवितो. शेतजमिनीचे खरेदीखत नोंदण्यापूर्वी त्याची नोटीस निदान एक महिना चावडीवर लागावी, आणि त्याच किमतीस घेण्याचा पहिला हक्क लगतच्या कसणाऱ्या शेतकऱ्यास मिळावा. त्याकरिता सहकारी पेढ्यांनी हलक्या व्याजाने कर्ज द्यावे. बाहेरच्या घेणारास पाच वर्षांपर्यंत जमीन पुन्हा विकता येऊ नये, आणि तिन्ही वर्षे ओळीने पीकपाहणीत 'पड' असा शेरा आल्यास त्याच्यावर जबर आकार बसावा. कुंपण घालण्यापूर्वी गावच्या वहिवाटीच्या वाटा, गुरांची पाणंद, झरा, देवराई व मसणवट यांची मोजणी गावासमक्ष होऊन ती नकाशावर लाल शाईने दाखवावी. जमिनीवर कातकऱ्यांची किंवा ठाकरांची वाडी असल्यास तिची घरठाणे त्यांच्या नावे होईपर्यंत ती जमीन विकलीच जाऊ नये. कारण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याची झोपडी घेणाराच्या नोकराने एका सकाळी मोडली, तर त्याची फिर्याद घेण्यास आज कोणताही रकाना नाही. यांपैकी वाटा व पाणंदी यांची नोंद करण्यास नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेचा ठराव, तलाठी, भूमापक व एक दिवस एवढ्याने ती होते. मावळच्या ज्या गावांत जमिनीचे सौदे चालू आहेत त्या गावांनी येत्या पावसाळ्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे, म्हणजे आषाढात जमीन पाहावयास येणारास दलालाच्या हातातला नकाशा व चावडीवरचा नकाशा शेजारी शेजारी धरून पाहता येतील.